पीजीअ‍ॅडमिन ४: खिडकी नको, सर्व्हर कुठे चालतो ते बघा

संशोधनासाठी पोस्टग्रेस डेटाबेस हाताळायला लागलात की पीजीअ‍ॅडमिन समोर येतंच. ब्राउझरमध्ये वापरायचं की डेस्कटॉपवर, हा वाद त्याच्या इतिहासातच दिसतो.

पीजीअ‍ॅडमिन ३ हे सी++ मध्ये लिहिलेलं डेस्कटॉप सॉफ्टवेअर. २०१६ मध्ये आलेलं पीजीअ‍ॅडमिन ४ पायथन आणि फ्लास्क वापरून नव्याने लिहिलं गेलं, म्हणजे मुळात वेब अ‍ॅप. त्याच्या बांधणीत एंटरप्रायझडीबीच्या पुण्यातल्या अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. लॅपटॉपवर इन्स्टॉल केलं तरी आत छोटा वेब सर्व्हर चालतो आणि तुम्हाला दिसतं ते वेबपेज. २०१८ मध्ये ३.० आवृत्तीत स्वतःची खिडकीही गेली, आपल्याच ब्राउझरमध्ये टॅब उघडू लागला. २०२१ मध्ये ५.० आवृत्तीत खिडकी परत आली.

वेबकडे जाणं चुकलं असं मला वाटत नाही. पण एकच कोड दोन्हीकडे चालवायच्या सोयीची किंमत एकट्याने काम करणाऱ्याने मोजली: सुरू व्हायला वेळ, मेमरी जास्त. जुन्या आवृत्तीच्या मानाने ही पीछेहाटच.

फायदा दिसतो तो सर्व्हर मोडमध्ये. समजा, तुम्ही बदलापूरजवळ सोनिवलीत घरी आहात आणि डेटाबेस मुंबईच्या लॅबमध्ये. डेस्कटॉपवरून टेबलांची यादी उघडली तरी अनेक छोट्या क्वेरी नेटवरून ये-जा करतात. पीजीअ‍ॅडमिन लॅबमध्येच बसवलं, तर ती ये-जा तिथल्या तिथे होते. तुमच्यापर्यंत येतं फक्त पान.

मात्र तेव्हा आणखी एक दार उघडतं. ८.३ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत सेशन फाइल हाताळण्यात दोष होता, त्यातून सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. विंडोजवर तर लॉगिनही लागत नव्हतं. हे २०२४ मध्ये उघड झालं. तुमच्या डेटाबेसमध्ये रुग्णांच्या किंवा मुलाखतींच्या नोंदी असतील, तर धोका त्या माणसांना.

म्हणून निवड अशी करा. एकट्याचं काम असेल तर डेस्कटॉप, आणि डेटाबेसपर्यंत एसएसएच टनेलनेच जा. गट मोठा असेल तर सर्व्हर मोड, पण संस्थेच्या व्हीपीएनच्या आत, आणि अपडेट करणारा माणूस आधी ठरवून. असा माणूस मिळत नसेल, तर वेबचा नाद सोडा.