मोठी काच आणि माणसाचा चेहरा : लार्ज फॉरमॅट छायाचित्रणाच्या संथपणाची चिकित्सा

प्रास्ताविक

मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकवताच चित्र उमटते, अशा काळात लाकडी चौकटीचा, भात्याचा आणि तिपाईवर उभा करावा लागणारा कॅमेरा काही मंडळींच्या हाती पुन्हा येतो, ही घटना सांस्कृतिक अभ्यासाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्या पद्धतीत फिल्मचा प्रत्येक तुकडा किमान चार बाय पाच इंचांचा असतो आणि एका वेळी एकच चित्र घेता येते, तिला 'लार्ज फॉरमॅट' असे म्हणतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात या पद्धतीचे हौशी उपासक आहेत. जुन्या बाजारातून पितळी भिंग मिळवावे, फाटलेला भाता सांधावा, न्हाणीघराची अंधारखोली करावी, यात त्यांचा जीव रमतो. या हौसेला आक्षेप घेण्याचे काही कारण नाही. आक्षेप आहे तो तिच्याभोवती जमलेल्या एका समजुतीला. मोठा कॅमेरा संथ असतो, म्हणून तो समोरच्या माणसाचा अधिक आदर करतो, अशी ती समजूत होय. प्रस्तुत लेखात या समजुतीची तपासणी महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा वनप्रदेश नजरेसमोर ठेवून करण्याचा प्रयत्न केला आहे.

दगडापुढचा कॅमेरा

यंत्र म्हणून या कॅमेऱ्याची रचना साधी आहे. पुढच्या पाटीवर भिंग, मागे घासलेली काच, मध्ये भाता. काळ्या कापडाखाली डोके घातले की काचेवर समोरचे दृश्य उलटे दिसते. उंच शिखर टिपण्यासाठी साधा कॅमेरा वर वळवला तर भिंती आत झुकलेल्या भासतात. येथे मात्र भिंगाची पाटी तेवढी वर सरकवता येते आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात. देवळासाठी याहून योग्य साधन सांगणे कठीण आहे.

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी असलेला मार्कंडा येथील मंदिरसमूह याची साक्ष देतो. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ आणि १८७४-७५ मध्ये मध्य प्रांताचा दौरा केला. त्यांचा अहवाल १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सहायक जोसेफ डेव्हिड बेग्लर हे छायाचित्रणही करीत. त्या काळची कलोडियनची ओली पद्धत प्रवासात फार जाचक होती. काचेवर द्रव ओतावयाचा, ती चांदीच्या क्षारात बुडवावयाची आणि थर ओला असेतोवर चित्र घेऊन तेथेच धुवावयाचे. विदर्भाच्या उन्हात हा अवधी काही मिनिटांचाच. म्हणून तंबू, रसायने, पाणी आणि काचांच्या पेट्या असा सगळा संसार बैलगाडीने न्यावा लागे. त्यातून हाती आलेली चित्रे मात्र अशी की, थरांवरील मूर्तींच्या रांगा एकेक करून मोजता याव्यात. वीज पडून भंगलेल्या मार्कंडेय मंदिरासारख्या वास्तूच्या बाबतीत एकशेपन्नास वर्षांपूर्वी कोणता दगड कोठे होता, हे सांगणारा असा पुरावा अनमोल होय. दगड हलत नाही, लाजत नाही आणि त्याला चित्राची प्रतही नको असते. संथपणा येथे निखळ गुण ठरतो.

माणसापुढचा कॅमेरा

माणूस समोर आला की हिशेब बदलतो. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. आजच्या हौशी मंडळांची ती पूर्वज म्हणता येईल. रसायनांची कृती एकमेकांना सांगणे, चित्रे दाखवणे, भिंगांची तुलना करणे, हे सारे तेव्हाही चाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतील एक प्रमुख एतद्देशीय छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. याच वर्तुळातील विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील विविध जातिजमातींची चित्रे दोन खंडांत, १८६३ आणि १८६६ मध्ये, प्रसिद्ध केली. दुसऱ्या खंडात महाराष्ट्रातील समाज येतात.

या खंडांतील चित्रांची घडण पाहिली की संथपणाच्या नैतिकतेवरचा विश्वास डळमळतो. अनेक चित्रांतील माणसे एका जागी टिपलेली आहेत आणि त्यांच्यामागचा देखावा दुसऱ्याच काचेवरून आणून जोडलेला आहे. काच मोठी असल्यामुळे हे कापणे-जोडणे साधले. माणसांना काही सेकंद निश्चल उभे राहावे लागे. त्या काळी स्टुडिओत मानेमागे लोखंडी आधारही देत. एवढा वेळ दिलेल्या माणसाच्या चित्राखाली त्याचे नाव मात्र नाही, जातीचे आहे. म्हणजे धीर धरला तो समोरच्याने, आणि निष्कर्ष काढला कॅमेरेवाल्याने. नारायण दाजींसारख्या इथल्याच माणसाने कॅमेरा हाती घेतल्यावरही कामकरी लोकांची 'नमुन्यादाखल' चित्रे निघालीच. तेव्हा हा दोष केवळ परकीय नजरेचा म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरी बाब रसायनाची आहे आणि समीक्षकांकडून तीच अधिक निसटते. कलोडियनच्या काचेला मुख्यतः निळा आणि अतिनील प्रकाश कळतो; लाल-पिवळा जवळजवळ कळत नाही. परिणामी आकाश कोरे पांढरे येते, कुंकू काळे होते आणि सावळी त्वचा आहे त्याहून कितीतरी गडद, सुरकुत्यांनी भरलेली दिसते. चित्रातील 'प्राचीन' चेहरा बराचसा काचेने घडवलेला असतो.

हे केवळ इतिहासातले प्रकरण राहिलेले नाही. कलोडियन पद्धतीचे आज पुनरुज्जीवन झाले आहे. फिल्म महाग पडते म्हणून अनेक हौशी क्ष-किरणाची फिल्म कापून वापरतात. तिलाही लाल रंग कळत नाही, म्हणूनच ती लाल दिव्याखाली धुता येते. काटकसरीची ही युक्ती कौतुकास्पद खरी, पण तिच्यासोबत १८६० चा चेहराही परत येतो. कोरपना-जिवतीकडचा कोलाम तरुण सिमेंट कारखान्यात कंत्राटी कामावर जातो, त्याच्या खिशात मोबाईल असतो. तोच तरुण अशा काचेवर उतरला तर एका क्षणात दीडशे वर्षे मागे जाईल, आणि प्रदर्शनातील प्रेक्षक त्या काळोख्या चेहऱ्याला 'कालातीत' म्हणून दाद देईल. भामरागडच्या माडिया वृद्धेच्या बाबतीत तर तो धोका दुप्पट, कारण तिला पाहण्यापूर्वीच प्रेक्षकाने तिला भूतकाळात बसवलेले असते. अमेरिकेत एडवर्ड कर्टिस यांनी १९१० च्या सुमारास मूलनिवासींच्या तंबूत टिपलेल्या एका चित्रातील घड्याळ प्रसिद्धीपूर्वी पुसून टाकले. आता पुसण्याचीही गरज नाही; फिल्मची निवडच ते काम करते.

उलट उदाहरण नाही असे नव्हे. रिचर्ड ॲव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात आठ बाय दहा इंचांच्या कॅमेऱ्याने अमेरिकेच्या पश्चिम भागातील कामकऱ्यांची चित्रे पांढऱ्या कागदासमोर घेतली. प्रत्येकाखाली नाव, व्यवसाय, गाव आणि तारीख दिली. त्यांच्यावरही आपल्या मनातला विषाद लोकांच्या चेहऱ्यांवर लादल्याची टीका झाली, आणि ती अगदीच निराधार नाही. तरीही ज्याच्याविषयी वाद करावयाचा तो माणूस तेथे निदान नावाने उभा आहे.

तालुक्याचा स्टुडिओ

आपल्याकडे मोठ्या काचेचा सर्वांत न्याय्य वापर बहुधा तालुक्याच्या स्टुडिओत झाला. हौशी मंडळी या परंपरेचा उल्लेख क्वचितच करतात, याचे नवल वाटते. केरळात अलप्पुझा येथे के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकापासून बनवलेला सागवानी 'वागीश्वरी' कॅमेरा देशभरातील स्टुडिओंत पोहोचला. शाळेचा सामूहिक फोटो, लग्नाआधी पाठवावयाचा मुलीचा फोटो, देव्हाऱ्याशेजारी लावावयाची वडिलांची तसबीर, हे सारे अशा कॅमेऱ्यांनी केले. मोठी काच टिकून राहिली तिचे कारण व्यावहारिक होते. तिच्यावर अणकुचीदार पेन्सिलीने टचिंग करता येई आणि एन्लार्जरशिवाय त्याच आकाराचा फोटो काढता येई.

येथेही चेहरा बदलला जाई. पण कोणासाठी? गिऱ्हाईक आपण होऊन येई, चांगले लुगडे नेसून किंवा कोट मागून घालून बसे, पडद्यावरचा बंगला स्वतः निवडी, रंग उजळ करावयास सांगे आणि पैसे मोजून प्रत घरी नेई. यातील गोऱ्या रंगाच्या हव्यासाची चर्चा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. परंतु चित्र कसे असावे हे ठरवण्यात बसणाऱ्याचा वाटा होता, ही गोष्ट जॉन्सन यांच्या खंडांत शोधूनही सापडत नाही. मुंबईचे दोन खंड जगातील ग्रंथालयांनी जपले. स्टुडिओतील काचा मात्र पुष्कळ ठिकाणी धुऊन तसबिरींच्या चौकटीत घातल्या गेल्या.

ज्या स्टुडिओच्या माळ्यावर अशा काचांचे खोके अद्याप आहेत, तेथे काचेइतकीच ऑर्डरची वहीही पाहावयास हवी. काचेच्या कडेला खरवडलेला क्रमांक वहीतील ओळीशी जुळला, की गिऱ्हाइकाचे नाव, गाव आणि त्याने किती प्रती नेल्या, हे कळते. खोके उचलले जाते तेव्हा ती वही बहुधा रद्दीत जाते.