कडी लागली, असे कोण म्हणते?

९ फेब्रुवारी २०२२ ची सकाळ. मुंबईहून भुजकडे निघालेले अलायन्स एअरचे एटीआर ७२ जातीचे विमान धावपट्टी सोडून वर गेले आणि त्याच्या एका इंजिनावरचे झाकण मात्र धावपट्टीवरच पडून राहिले. विमानात ७० माणसे होती. उघडे पडलेले इंजिन चालत राहिले, विमान भुजला सुखरूप उतरले आणि लोक ती बातमी लवकरच विसरून गेले.

हिंगोली जिल्ह्यातील विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही ही बातमी सांगितली आणि विचारले, "असे झाकण निघून पडले, तर पहिला संशय कशाचा घ्याल?" उत्तर जवळजवळ एकमुखी आले. कुणीतरी कडी लावायला विसरला असेल. हलगर्जीपणा, दुसरे काय! मागच्या रांगेतील एका शिक्षकांनी मात्र उलट प्रश्न केला, "विसरला असेल हो. पण कडी लागलेली नाही, हे नंतर कुणालाच कसे दिसले नाही?"

हा प्रश्न आम्हाला पहिल्या उत्तरापेक्षा मोलाचा वाटतो. मुंबईच्या त्या घटनेचा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. परंतु विमानावरील झाकणांच्या कड्या कशा रचलेल्या असतात, त्यांत काय चांगले आहे आणि काय चुकते, याचे परीक्षण या प्रश्नाच्या अंगाने करून पाहू या.

डब्याची क्लिप आणि इंजिनाची कडी

विमानाच्या इंजिनातील तेल व जोडण्या वारंवार तपासाव्या लागतात. प्रत्येक वेळी पन्नास स्क्रू काढायचे आणि पुन्हा बसवायचे म्हटले तर विमान उडायचे कधी? म्हणून इंजिनाभोवतीची झाकणे कड्यांनी बंद करतात. या झाकणांना काउल आणि कड्यांना लॅच म्हणतात.

या कडीचे तत्त्व मुलांच्या जेवणाच्या डब्यात सापडते. क्लिपचा डबा घ्या. क्लिप दाबताना आधी विरोध जाणवतो, मग एका क्षणी 'टक्' होऊन ती आपणहून आत बसते. क्लिपमधील आकडा झाकणाला ओढत असतो. ही ओढ ज्या रेषेत असते, ती रेषा सुरुवातीला दांड्याच्या बिजागरीच्या एका बाजूने जाते, तेव्हा ओढ दांडा उघडू पाहते. दांडा पुढे दाबत नेला की ही रेषा बिजागरी ओलांडून पलीकडे जाते. आता तीच ओढ दांड्याला बंद दिशेने दाबते. झाकण उघडण्यासाठी जोर करू लागले, तरी त्याच जोराने कडी जागच्या जागी बसून राहते. ही युक्ती सुंदर आहे, आणि धरून ठेवण्याच्या कामात विमानाची कडी पूर्ण गुण मिळवते.

मात्र विमानाच्या कडीवर आणखी एक अट असते. तिने पृष्ठभागाच्या वर यायचे नाही, कारण बाहेर आलेला प्रत्येक तुकडा वाहत्या हवेला अडवतो. म्हणून बंद कडी झाकणात सपाट मिसळून जाते. त्यातच अनेक प्रवासी विमानांत या कड्या इंजिनाच्या पोटाखाली, जमिनीच्या बाजूला असतात. त्या नीट पाहायच्या तर वाकून, कधी जमिनीवर आडवे होऊन पाहावे लागते.

झाकण स्वतःच फसवते

आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे फाळका असतो. काही फाळक्यांची बिजागरी खाली असते, तर काहींची वर. वसमतच्या बाजारात हळदीची पोती घेऊन आलेल्या ट्रॉल्यांकडे या नजरेने पाहा. बिजागरी खाली असेल आणि कडी लावायची राहिली, तर फाळका धाडकन खाली पडतो. ट्रॉली हलण्याआधीच चूक सर्वांना समजते. बिजागरी वर असेल तर फाळका स्वतःच्या वजनाने लोंबून बंदच दिसतो. कडी नसल्याचे कळते ते रस्त्यात खड्डा आला आणि पोते मागे सरकले की! दोन्ही फाळके तितकेच मजबूत असू शकतात. परंतु पहिला आपली चूक सांगतो, दुसरा लपवतो.

इंजिनाच्या झाकणाची बिजागरी वर असते, कारण इंजिन पंखाखाली टांगलेले असते आणि कारागिराला खालून हात घालायचा असतो. साहजिकच कडी न लावलेले झाकणही स्वतःच्या वजनाने जवळजवळ बंद दिसते.

मग ते उघडते केव्हा? येथे अकरावीच्या विद्यार्थ्यांना एक गणित देता येईल. वाहत्या हवेचा गतिज दाब हवेच्या घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले की मिळतो. घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरा. विमान धावपट्टीकडे सावकाश जाताना वेग सेकंदाला १० मीटर असेल, तर दाब दर चौरस मीटरला ६० न्यूटन येतो, म्हणजे सुमारे ६ किलो वजनाइतका. उड्डाणाच्या वेळी वेग सेकंदाला ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटर झाला, की हाच दाब ३,३७५ न्यूटन होतो, सुमारे ३४० किलो! वेग साडेसातपट वाढला, पण दाब ५६ पटींनी वाढला. हवा फटीतून आत शिरली की झाकण उचलून फेकायला एवढे पुरेसे असते. ज्या क्षणी थांबणे सर्वांत अवघड, त्याच क्षणी चूक उघड होते.

हीथ्रोची रात्र

या साऱ्या दोषांची बेरीज २४ मे २०१३ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर झाली. ब्रिटिश एअरवेजचे एअरबस ए३१९ विमान ८० माणसांना घेऊन ओस्लोकडे निघाले. उड्डाण होताच दोन्ही इंजिनांची झाकणे उडून गेली. उजव्या इंजिनाची इंधननळी फुटली आणि आग लागली. विमान परत हीथ्रोला उतरले व सर्वजण बचावले.

आदल्या रात्री दोन तंत्रज्ञांनी तपासणीसाठी झाकणे उघडली होती. तेल भरण्याचे साहित्य त्या वेळी जवळ नव्हते, म्हणून झाकणे कड्या न लावता खाली सोडून ते दुसऱ्या कामाला गेले. परत आले ते चुकून दुसऱ्याच विमानाजवळ. तेथील झाकणे कड्या लावून बंद होती. कुणीतरी आपले काम पुरे केले असावे, असा त्यांनी समज करून घेतला. सकाळी निघण्यापूर्वी विमानाभोवती फेरी मारून पाहणी झाली, तिच्यातही लटकणाऱ्या कड्या कुणाच्या नजरेस आल्या नाहीत.

तंत्रज्ञांची चूक झाली हे खरे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण याच कुळातील विमानांची झाकणे उडाल्याच्या तीसहून अधिक घटना त्याआधी घडल्या होत्या. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या कंपन्यांत एकच चूक तीस वेळा होत असेल, तर ते सारे एकाच प्रकारे हलगर्जी होते असे मानायचे, की त्या सर्वांच्या हातात दिलेली वस्तू एक होती हे पाहायचे? प्रयोगशाळेत वीस विद्यार्थ्यांचे वाचन एकाच बाजूला चुकले, तर आपण आधी उपकरण तपासतो. येथेही तोच न्याय लावायला हवा.

खोटे बोलणारा दांडा

न सांगणाऱ्या कडीपेक्षा खोटे सांगणारी कडी अधिक घातक. तिची गोष्ट समजण्यासाठी आधी हवेचा दाब पाहू.

आपल्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांतून हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकायची असते. अशा निर्वात पात्राच्या तोंडावर बाहेरून झाकण ठेवले, तर बाहेरची हवाच ते दर चौरस मीटरला सुमारे दहा टनांच्या भाराने दाबून धरते. विमानात नेमके उलटे असते. आत दाब अधिक, बाहेर कमी. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर हा फरक दर चौरस मीटरला साडेपाच टनांच्या आसपास जातो. म्हणून प्रवाशांची दारे बहुधा आतून बसणाऱ्या बुचासारखी करतात. दाबच त्यांना धरून ठेवतो. सामानाच्या कप्प्याचे दार आत उघडले तर जागा खाते, म्हणून अनेक विमानांत ते बाहेर उघडते आणि सारा भार कड्यांवर येतो.

डीसी-१० विमानाचे दार असेच होते. आतील आकडे विजेच्या मोटारीने बसत आणि मग बाहेरचा दांडा ओढला की आकड्यांमागे अडसर सरकत. आकडे पूर्ण बसले नसतील तर अडसर अडावेत आणि दांडा बंदच होऊ नये, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात मधल्या दांड्या इतक्या लवचिक होत्या की जोर लावला की त्या वाकत. दांडा बंद होई, वैमानिकासमोरचा धोक्याचा दिवाही विझे आणि आकडे मात्र अर्धवट राहत. १२ जून १९७२ रोजी कॅनडातील विंडसरवर असे दार उडाले. विमानातील ६७ जण सुदैवाने वाचले. त्यानंतर दारात एक छोटी काचेची खिडकी बसवली, अडसर डोळ्यांनी पाहता यावेत म्हणून. तिच्याजवळची सूचना इंग्रजी व तुर्की भाषांत होती. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसमध्ये तुर्की एअरलाइन्सच्या विमानाचे दार ज्या कामगाराने लावले, त्याला या दोन्ही भाषा वाचता येत नव्हत्या. मधली यंत्रणा बळकट करण्याची सुधारणा कारखान्याच्या नोंदीत झालेली होती, विमानावर झालेली नव्हती. दार हवेत उडाले, आतल्या दाबाने प्रवाशांच्या पायांखालची जमीन खचली, नियंत्रणाच्या तारा निकामी झाल्या आणि ३४६ माणसे मृत्यू पावली. सुरुवातीला बोट कुणाकडे दाखवले गेले असेल? त्या कामगाराकडेच.

येथे एक नियम मिळतो. खूण कडीचीच हवी. ती दांड्याची असेल, तर दांडा आणि कडी यांत जे काही वाकू शकते, तेथे खोटे बोलायला जागा राहते.

उपायांची पारख

हीथ्रोसारख्या घटना टाळण्यासाठी आजवर जे उपाय झाले, ते तपासून पाहू. पहिला उपाय सूचनांचा. "कड्या लावल्याची खात्री करा", असे पुन्हा पुन्हा लिहायचे. जो विसरला आहे, त्याला सूचनाही आठवत नाही, म्हणून हा सर्वांत दुबळा. दुसरा उपाय कड्यांना भडक रंग देण्याचा. तो उपयोगी पडतो, पण खाली वाकून पाहणाऱ्यालाच. तिसरा उपाय अधिक विचारपूर्वक केलेला आहे. कड्या न लावता सोडलेले झाकण पूर्ण मिटू नये, म्हणून आत एक आधार ठेवायचा. झाकण किंचित उघडे राहते आणि फट दिसते. वर बिजागरी असलेल्या फाळक्याला बोलायला शिकवण्याचाच हा प्रकार. तरीही फट लांबून लक्षात येईलच, याची खात्री नाही.

चौथा उपाय आम्हाला सर्वांत पटतो. युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये ए३२० कुळातील विमानांसाठी नवी कडी बंधनकारक केली. हिची पुढची कडी किल्लीशिवाय उघडत नाही, किल्लीला लांब लाल फडके जोडलेले असते, आणि कडी नीट बंद झाल्याखेरीज किल्ली निघत नाही. काम झाले की किल्ली वैमानिकाच्या कक्षातील ठरलेल्या जागी ठेवायची. म्हणजे इंजिनाच्या पोटाखालची गोष्ट वैमानिकाच्या डोळ्यांसमोर आली. जागा रिकामी दिसली, की झाकण उघडे असण्याची शक्यता. माणूस विसरणारच हे येथे गृहीत धरले आहे, आणि त्याचे विसरणे दुसऱ्याला दिसेल अशी सोय केली आहे.

उणिवा याही रचनेत आहेत. किल्ली केवळ पुढच्या कडीची साक्ष देते, मागच्या कड्यांबद्दल ती गप्प असते. रिकाम्या जागेकडे कुणी पाहिलेच नाही, तर किल्लीही मुकी. शिवाय तीसहून अधिक घटना होईपर्यंत ही साधी युक्ती का थांबली, हा आक्षेप उरतोच. आमच्या मते याचे कारण त्या सोप्या उत्तरात आहे. दोष माणसाचा ठरला की वस्तूची चौकशी थांबते.

वर्गात काय करता येईल?

जुन्या पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांना झडपा लावा, एकीची बिजागरी वर आणि दुसरीची खाली. दोन्हींच्या कड्या न लावता मुलांना दहा पावलांवर उभे करा आणि विचारा, कोणती उघडी आहे? मग शाळेतील दारे, पाण्याच्या टाकीचे झाकण, डबे, दप्तरे यांच्या कड्या पाहून प्रत्येकीला दोन प्रश्न विचारायला सांगा. ही धरते कशी? आणि लागली नसेल, तर सांगते कशी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तरफेच्या धड्यात थोडेफार सापडेल. दुसरा प्रश्न आमच्या पाहण्यातल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. शिबिरातल्या त्या शिक्षकांनी तो विचारला, तेव्हा आम्हीही क्षणभर निरुत्तर झालो होतो.