लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ : संसारांतील ख्रिस्तधर्म

धर्माचीं तत्त्वें समजून घेणें फारसें अवघड नाहीं. तीं स्वयंपाकघरांत नेऊन वागविणें अवघड. प्रवचनांत व वादविवादांत धर्माचें तेज दिसतें खरें, परंतु त्याचा कस लागतो तो पंक्तीस कोणाला बसवावें हें ठरवितांना, आणि घरांत पीठ नसतां दारीं माणूस आला म्हणजे. ही कसोटी महाराष्ट्रास नवी नाहीं. परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं असलेलें गंगाखेड हें जनाबाईचें गांव. तिचा विठ्ठल देवळांत पूजा घेत उभा राहत नाहीं. तो तिच्याबरोबर दळतो, झाडतो, पाणी भरतो. नामदेवाच्या घरच्या या दासीनें सहाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं भक्तीचें एक सोपें माप घालून दिलें : देव घरांत आला कीं राबणाऱ्या बाईचें ओझें हलकें झालें पाहिजे.

याच मापानें आम्ही येथें एका ख्रिस्ती ग्रंथाकडे पाहणार आहों. हें माप त्या ग्रंथास परकें नाहीं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं आपली ख्रिस्तभक्ति अभंगांत गाइली, आणि तुकारामाच्या वाटेनें आपण ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं. टिळकांच्या चरित्रास साधनें हवीं म्हणून मुलानें आईला आठवणी लिहावयास सांगितलें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या आईनें लिहिलें तें मात्र मराठींतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र ठरलें.

ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांनीं यापूर्वींहि आपल्या कथा लिहिल्या होत्या. बाबा पदमनजींचा ‘अरुणोदय’ घ्या. त्यांत एक जिज्ञासु पुरुष शंका घेतो, ग्रंथ चाळतो, वाद करतो आणि अखेर निर्णयास येतो. ती बुद्धीची वाट. लक्ष्मीबाईंची वाट माजघरांतून जाते. त्यांचें बालपण वडिलांच्या पराकाष्ठेच्या सोवळ्यांत गेलें. पुढें १८९५ सालीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि काहीं वर्षें पतिपत्नींची ताटातूट झाली. पुन्हां एकत्र आल्यावरहि लक्ष्मीबाईंचें सोवळें निराळें व चूल निराळी राहिली. मग एके दिवशीं विचार करतां करतां त्यांस उमगलें कीं, जाती देवानें केल्या नाहींत, माणसानें केल्या. आणि त्या दिवसापासून कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्यास त्या मोकळ्या झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो यानंतर, १९०० सालीं. हा क्रम वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. विधि मागून आला. पाण्याचा पेला आधीं आला. टिळकांच्या पालटास एका दिवसाची तारीख आहे, लक्ष्मीबाईंच्या पालटास पांच वर्षें आहेत. आमच्या मतें या पुस्तकाचें मर्म ह्या पांच वर्षांतच सांपडतें.

आतां जनाबाईचें माप लावून पाहूं. टिळक उदार होते, आणि त्यांचें औदार्य हिशेब जाणत नसे. हातीं पैसा आला कीं तो गरजवंताकडे जावयाचा. वाटेंत भेटलेला मनुष्य घरीं यावयाचा. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ काढला, व त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांस आणि न घेतलेल्यांस सारखीच जागा ठेविली. हें सर्व ख्रिस्ताच्या शिकवणीस धरूनच होतें. परंतु घेणारा तृप्त होऊन गेल्यावर रिकाम्या डब्यासमोर कोण उभें राहत असे? लक्ष्मीबाई. या घरांत देव दळावयास बसलेला क्वचितच दिसतो. बहुधा तो पाहुणा होऊन येतो, आणि दळतात त्या लक्ष्मीबाईच.

कित्येक वाचक हे प्रसंग वाचून नुसते हंसतात व टिळकांस भोळा संत म्हणून मोकळे होतात. आम्हांस हें वाचन अपुरें वाटतें. लक्ष्मीबाईंचा विनोद हा त्यांचा हिशेब आहे. त्या पतीची थोरवी कमी करीत नाहींत, आणि त्या थोरवीची किंमत कोणीं भरली हेंहि लपवीत नाहींत. एकाच वाक्यांत प्रेम व तक्रार दोन्ही ठेवण्याचें हें धैर्य त्या काळच्या पतिचरित्रांत दुर्मिळ आहे. साधुत्वाचा खर्च घरच्या बाईच्या नांवें पडतो, हें सत्य एकट्या ख्रिस्ती घरचें नव्हे. देशभक्तांच्या, समाजसेवकांच्या व कवींच्या घरांतहि तें आढळेल.

तथापि लक्ष्मीबाई केवळ भार वाहणाऱ्या राहिल्या, असें म्हणणें त्यांच्यावर अन्याय होईल. अनाथ मुलांस त्यांनीं पोटाशीं धरलें तें पतीची आज्ञा म्हणून नव्हे. बालकवि ठोंबरे त्यांच्या घरीं मुलासारखे राहिले, आणि ख्रिस्ती न होतां राहिले. ज्या बाईला एके काळीं परक्याचा स्पर्श सोसत नव्हता, तिच्या घरांत परधर्मी मुलगा निःशंक वावरतो, ह्याहून मोठें प्रवचन कोणतें? टिळक १९१९ सालीं वारले तेव्हां अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ही पुढें त्यांनींच पुरें केलें.

ग्रंथांत एक उणीव आहे. लक्ष्मीबाई प्रार्थनेविषयीं, एकांतांतील श्रद्धेविषयीं फार थोडें बोलतात. दुःखाच्या ऐन क्षणीं विनोदाचा पडदा ओढून त्या बाजूस होतात, आणि वाचक दाराबाहेर राहतो. जनाबाई आपला एकांत उघडा करिते; लक्ष्मीबाई तो राखतात. कोणी ह्यास संयम म्हणेल. आम्हांस मात्र तेथें काहीं हरवल्यासारखें वाटतें.

असें असूनहि धर्म म्हणजे काय हें ज्यांस घरच्या माणसांकडून शिकावयाचें आहे, त्यांनीं हें पुस्तक वाचावें. आणि वाचतांना नवऱ्यानें बायकोस वाचून दाखवावें. पुस्तक मिटल्यावर आपल्या घरीं दळतें कोण, एवढें त्यानें स्वतःशीं विचारलें तरी पुरे.