अवधान : एकट्याचे की दोघांचे?

दिवाळीच्या फराळात समीक्षेचे ताट कुणी आधी पुढे ओढत नाही, हे मी जाणून आहे. तरीही एका शब्दाची चिकित्सा वाचकांपुढे मांडावीशी वाटते. तो शब्द म्हणजे 'माइंडफुलनेस'.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी आली, आणि आमच्या दिवाळे गावच्या गल्ल्या एकाएकी मुक्या झाल्या. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा दिवसभर मोबाइलवर शिके आणि रात्रभर जागा राही. श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवणारे एक ध्वनिमुद्रण त्याला कुणीसे पाठवले. चार दिवसांनी तो मला म्हणाला, "काका, श्वास कळतो हो, पण जे कळतं ते सांगू कुणाला?"

या प्रश्नात मला त्या शब्दाची सारी उणीव दिसली. मुळात ही पाली भाषेतली 'सति'. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली तिला हा इंग्रजी पेहराव चढवला. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी तिचा उपयोग केला. त्या साधनेचे मोल मी नाकारीत नाही. घाबरल्या जिवाला श्वासाचा आधार खचित मिळतो. परंतु बुद्धाच्या परंपरेत साधकाच्या पाठीशी संघ होता. मोबाइलपर्यंत येता येता संघ गळाला आणि उरला तो एकटा मुलगा. जो एकटेपणानेच पोळला आहे, त्याला आणखी आत पाहा म्हणून सांगणे हे अर्धेच औषध होय.

आपल्या भाषेत याच्या जवळचा शब्द आहे 'अवधान'. १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागूनच सुरू होतो. एवढा मोठा कवी, पण समोरच्याने लक्ष द्यावे म्हणून लडिवाळपणे आर्जव करतो! तेथे अवधान ही एकट्याची कसरत नाही. ते एकाने मागायचे आणि दुसऱ्याने द्यायचे देणे आहे. माझ्या मते ज्ञानेश्वरीतले हे नुसते विनयाचे प्रास्ताविक नव्हे. बोलणाऱ्याचे बळ ऐकणाऱ्यावर अवलंबून असते, हा त्यातला सिद्धांत आहे.

माझीही चूक कबूल करतो. प्रथम मी त्या मुलाला पोथी दिली आणि "वाच" म्हणालो. म्हणजे पुन्हा एकटाच! मग आम्ही आपापल्या ओट्यांवर बसून, मध्ये गल्लीचे अंतर ठेवून, रोज थोड्या ओव्या मोठ्याने वाचू लागलो. वाचन थांबे, तो बोलू लागे, मी ऐकत राही. त्याला लगेच झोप लागू लागली असे नव्हे. पण रात्रीचे भय तो सकाळी बोलून दाखवू लागला.

पुढे २०२२ साली सरकारने १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' सुरू केले, तेही ऐकणारा माणूस जोडून देण्यासाठीच. दुखणे खोल असेल तेथे वैद्य हवाच. पण त्याआधी, या दिवाळीत घरातले एखादे तरुण पोर फराळाच्या ताटाशी गप्प बसलेले दिसले, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा, आणि आपले अवधान द्या.