बकाचे वेतन

बकासुराला काय लागत असे, हे मराठी घरात गोष्टी ऐकत वाढलेल्या कुणालाही विचारा. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि गाडा घेऊन जाणारा माणूस. पानावर बसलेल्या खादाड पोराला आपण लाडाने 'बकासुर' म्हणतो. पाठीवर गुद्दे बसत असतानाही शांतपणे भात ओरपणारा भीम आठवून हसतो. ज्या नगराला हा गाडा भरावा लागत होता, तिथे राहणे कसे असेल, याचा विचार मात्र आपण सहसा करत नाही. इथे तो करायचा आहे, आणि त्यासाठी राक्षसांनी ग्रासलेली आणखी दोन काल्पनिक जगे एकचक्रेच्या शेजारी ठेवायची आहेत. हल्लीच्या मुलांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: यांतल्या कुठल्या जगात जन्माला येणे सर्वांत वाईट? प्रश्न पोरकट वाटतो. पण उत्तर द्यायला बसले की आधी ठरवावे लागते, वाईट मोजायचे कशाने? मृतांच्या संख्येने? राक्षसाच्या आकाराने? मला वाटते, दोन्हींनी नाही.

दुसरे जग हाजिमे इसायामा या जपानी चित्रकथाकाराचे. त्याची 'शिंगेकी नो क्योजिन' ही चित्रकथा २००९ ते २०२१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे एकंदर ३४ खंड आहेत, आणि २०१३पासून ती पडद्यावरही आली. आपल्याकडची मुले तिला 'अटॅक ऑन टायटन' म्हणून ओळखतात. उरलेली माणसे एकात एक अशा तीन वर्तुळाकार भिंतींच्या आत राहतात आणि बाहेर नरभक्षक महाकाय फिरत असतात. तिसरे जग जॉन क्रासिन्स्कीच्या २०१८मधल्या 'अ क्वाएट प्लेस' या चित्रपटातले. तिथल्या राक्षसांना डोळे नाहीत, पण कान विलक्षण तीक्ष्ण आहेत. आवाज केला की मृत्यू. चालत्या प्रेतांच्या झुंडी मी मुद्दाम वगळल्या आहेत. त्या कथांत पहिल्या काही भागांनंतर राक्षस मागे पडतात आणि बंदुकाच पुढे येतात.

चित्रपटातल्या जगाचा निकाल आधी लावतो, कारण तो तुलनेने सोपा आहे. जगून राहायला हे जग तिघांत सर्वांत कठीण. अॅबट कुटुंब अनवाणी चालते, वाटांवर वाळू अंथरते, खुणांच्या भाषेत बोलते. ही भाषा त्यांना आधीपासून येते, कारण थोरल्या मुलीला ऐकू येत नाही. धाकटा मुलगा आवाज करणाऱ्या एका खेळण्यापायी सुरुवातीलाच जातो, आणि त्याच्यासाठी मोठ्याने रडण्याचीही सोय उरत नाही. एका प्रसंगात रानात एक म्हातारा भेटतो. त्याची बायको नुकतीच मेली आहे. तो बाप-लेकाकडे पाहतो आणि जाणूनबुजून किंकाळी फोडतो. इतके सगळे असूनही या घराची वीण उसवत नाही. कोणी कुणाला राक्षसापुढे ढकलत नाही, कुणाचा जीव दुसऱ्याच्या जिवापेक्षा स्वस्त ठरत नाही. राक्षस बाहेरून येतो आणि बाहेरचाच राहतो. रात्री बाप उंचावर जाळ पेटवतो, तेव्हा दूरदूरच्या टेकड्यांवर एकेक जाळ पेटत जातो. शेजारी आहेत, तेही जागे आहेत. एवढेच कळते, पण तेवढे कळते.

एकचक्रेत जाळ पेटवायची गरज नाही, तिथे लोक दिवसाढवळ्या व्यवहार करतात. आदिपर्वातले बकवधपर्व मुळातून वाचणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो शब्दांचा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती उघडली, तर बकाला मिळणाऱ्या त्या गाड्याला मूळ कथेत खंडणी म्हटलेले नाही. शब्द आहे 'वेतन'. महिन्याच्या पहिल्या तारखेला आपण वाट पाहतो तोच. वेतन कशाबद्दल? तर राखणदारीबद्दल. कुंतीने विचारल्यावर यजमान ब्राह्मण सांगतो, की या बकामुळेच नगराला परचक्राचे किंवा इतर कुठल्या भुताखेतांचे भय नाही. राजा वेत्रकीयगृह नावाच्या ठिकाणी राहतो आणि प्रजेच्या रक्षणाचे काही पाहत नाही. राजाने सोडलेली जागा राक्षसाने भरली आहे. आपण लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतून हा भाग गळून पडला, हे मला नुकसान वाटते. त्यामुळे बक नुसता खादाड उरला, त्याची नोकरी दिसेनाशी झाली.

आता हिशेब. ब्राह्मण म्हणतो, एकेका घराची पाळी पुष्कळ वर्षांनी येते. घरांचा आकडा मूळ कथेत नाही. समजा, रोज एक माणूस जात होता आणि पाळी दहा वर्षांनी फिरत होती. मग घरे साधारण ३६५० होतात. घरटी पाच माणसे धरली, तर वस्ती सव्वाअठरा हजारांची आणि बकामुळे होणारे मृत्यू हजारी २०. इन्फ्लुएन्झाची साथ ज्यात येऊन गेली त्या १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानातला एकूण मृत्युदर हजारी ४७च्या आसपास होता. म्हणजे बकाने घेतलेले बळी या मापाने निम्म्याहूनही कमी. माझी गृहीते कुणी बदलावीत, आकडा हलेल. पण एवढे दिसतेच, की या नगरात संसार, लग्ने, बाजारहाट, भिक्षा मागणे सगळे सुरळीत चालू राहू शकते. पांडव तिथे कितीतरी दिवस भिक्षा मागत राहिले आणि त्यांना बकाचा पत्ताही लागला नाही. भय बारा महिने चोवीस तास नसते, ते वाटून दिलेले असते. ज्याच्या दारात पाळी, त्याच्या घरात रडणे.

त्या रडण्याचा प्रसंग महाभारतातल्या अस्सल घरगुती प्रसंगांपैकी एक आहे. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मी, आणि बोबडे बोलणारा धाकटा हातात गवताची काडी धरून म्हणतो, हिने मी राक्षसाला मारीन. पण त्याआधी ब्राह्मण बायकोला जे ऐकवतो, ते मला जास्त बोचते. मी कितीदा म्हटले होते, हे गाव सोडू. तूच म्हणालीस, इथे जन्मले, इथे वाढले, बाप इथला. पाळी दहा-वीस वर्षांवर असताना माहेर सोडवत नाही, हे कुणाला कळणार नाही? पुढे तो कुंतीला आणखी एक गोष्ट सांगून जातो. माणूस विकत घेऊन पाठवावा, तर त्याच्याजवळ तेवढे द्रव्य नाही. या एका वाक्यातून नगराची दुसरी बाजू उघडी पडते. द्रव्य असलेल्यांच्या पाळ्या कोण भरत असतील? पाळी सर्वांना सारखी हा नियम कागदावरचा. बाजारात तो मोडता येत होता.

इथे कुणी म्हणेल, मग एकचक्राच सर्वांत वाईट. राक्षसाशी करार केलेले, त्याला सरावलेले गाव! हा आक्षेप वजनदार आहे, आणि इसायामाची चित्रकथा नसती तर मीही तिथेच थांबलो असतो.

भिंतींच्या जगात पाळी नाही. तिथे भूगोल आहे. बाहेरची भिंत मारिया, मधली रोझ, आतली सिना. प्रत्येकीची उंची ५० मीटर. राजा आणि सरदार सिनाच्या आत. बाहेरच्या भिंतींना चार दिशांना फुगवटे काढून त्यांत नगरे वसवलेली आहेत, शिगानशिना हे त्यांतले एक. ती तिथे का? महाकाय माणसांच्या वासावर येतात. माणसे ठरावीक जागी दाटीने ठेवली, तर महाकाय तिथेच गोळा होतात आणि अख्ख्या भिंतीवर पहारा ठेवण्याचा खर्च वाचतो. थोडक्यात, ही नगरे गळाला लावलेले आमिष आहेत, आणि तिथे राहणे हा मान असल्याचे रहिवाशांना सांगितले जाते. सैन्याची घडीही तशीच. प्रशिक्षणात पहिल्या दहांत येणाऱ्यांना आतल्या भागातल्या लष्करी पोलिसांत जाता येते. महाकायांना मारण्यात जो सर्वांत तरबेज, त्याला बक्षीस म्हणून त्यांच्यापासून सर्वांत लांबची जागा! कथेतली पात्रेही ही विसंगती एकमेकांना ऐकवतात, आणि बहुतेकांना तरीही ती जागाच हवी असते.

तिथल्या सनाच्या ८४५व्या वर्षी ६० मीटर उंचीचा एक महाकाय शिगानशिनाची वेस फोडतो आणि मारिया भिंत हातची जाते. निर्वासित आत येतात, धान्य पुरेना होते. पुढच्या वर्षी सरकार गेलेला मुलूख परत घेण्याची मोहीम काढते आणि अडीच लाख माणसे पाठवते. लोकसंख्येच्या २० टक्के. परत येतात शंभरावर थोडीशी. एकचक्रेच्या रोज एक या दराने बकाला एवढी माणसे संपवायला जवळजवळ ६८५ वर्षे लागली असती. पण आकड्याहून मला फरक दिसतो तो जाण्याच्या रीतीत. ब्राह्मणाच्या घरात कोण जाणार यावर चौघे भांडतात, प्रत्येकाचे म्हणणे महाभारत ऐकून घेते. पडद्यावरच्या आवृत्तीत आर्मिन या मुलाचा आजोबा या मोहिमेत जातो. नातवाच्या डोक्यावर आपली हॅट ठेवतो आणि रांगेत चालू लागतो. घरात चर्चा होण्याची जागाच ठेवलेली नाही, कारण निर्णय दुसरीकडे झालेला आहे, आणि त्याचे नाव पराक्रमाचे ठेवलेले आहे. बकाकडे जाणाऱ्या गाड्याला एकचक्रेत कोणी मोहीम म्हणत नव्हते.

दुसरा फरक भुकेचा. बकाला भूक होती, म्हणून त्याच्याशी दर ठरवता आला. इसायामाच्या महाकायांना पचनसंस्थाच नाही. ते उन्हावर जगतात, माणसे गिळतात आणि पोट भरले की ओकून टाकतात. त्यांना काही द्यायचे म्हटले तरी देण्यासारखे काही नाही.

आणि तिसरा फरक, ज्यावर माझा निकाल टेकला आहे. सिना भिंतीचा पापुद्रा एका चकमकीत निखळतो आणि आत एक चेहरा दिसतो. भिंती महाकायांच्याच बनलेल्या आहेत. भिंतपूजक पंथाचा पुरोहित धावत येतो आणि विनवतो, त्या चेहऱ्यावर ऊन पडू देऊ नका. म्हणजे राखण करणारा राक्षस इथेही आहे, एकचक्रेसारखाच. पण एकचक्रेत राखणदार कोण, त्याचे वेतन काय, राजा कुठे बसला आहे, हे साध्या भिक्षुकालाही ठाऊक आहे, आणि परक्या बाईने विचारताच तो सगळे सांगून टाकतो. भिंतींच्या जगात एका राजाने प्रजेच्या आठवणीच पुसल्या आहेत. बाहेरच्या जगाचे पुस्तक घरात ठेवणेही बेकायदा आहे. आपण कशाच्या आधाराने जगतो हे तिथे कोणी सांगू शकत नाही, कारण कुणाला माहीतच नाही. ज्यांना माहीत आहे, ते गप्प बसण्यासाठीच नेमलेले आहेत. एकचक्रेचा भिक्षुक निदान म्हणू शकतो, की आमचा राजा नालायक आहे. शिगानशिनाच्या माणसाने काय म्हणावे?

म्हणून माझ्या मते तिघांत वाईट जग भिंतींचे. पुढे याच आठवणी परत मिळवलेला, त्याच शिगानशिनात वाढलेला एरेन भिंतींतले महाकाय जगावर सोडतो आणि ८० टक्के मानवजात चिरडली जाते. हा शेवट अनेक वाचकांना रुचला नाही. मला तो कथेच्या रचनेतून आलेला वाटतो. ज्यांना आपली पाळी कधी मोजू दिली नाही, त्यांच्या हाती हिशेब आला तेव्हा त्यांनी तो सगळ्या जगाच्या नावावर मांडला.

एकचक्रेत मोजणे शेवटपर्यंत चालू राहते. भीम बकाला मारतो, त्याच्या साथीदारांकडून माणसे न खाण्याचे वचन घेतो आणि रात्रीतून धूड वेशीपाशी आणून टाकतो. सकाळी बायका, मुले, म्हातारे, सारे नगर ते पाहायला लोटते. पहिले आश्चर्य ओसरल्यावर लोक करतात काय, तर आज पाळी कुणाची होती याचा हिशेब. हिशेब ब्राह्मणाच्या दाराशी येऊन थांबतो. पांडवांना लपवायचे म्हणून तो सांगतो, मला रडताना पाहून कुणा मंत्रसिद्ध ब्राह्मणाला दया आली. इतके वर्षे जी पाळी भीतीने मोजली, तीच आता आभार मानायला घर शोधण्याच्या कामी येते. अडीच लाखांच्या मोहिमेनंतर असे कुणाचे घर शोधत कोणी गेले नाही. एकचक्रेत चारही वर्णांचे लोक उत्सव करतात. वेत्रकीयगृहाहून राजा त्याला आला, असे कुठे लिहिलेले नाही.