कॅलरींचे कोष्टक : किती विश्वास ठेवावा?

अमुक व्यायाम केला की तमुक कॅलरी जळतात, असे तक्ते वृत्तपत्रांत आणि आता मोबाईलवरही आढळतात. अशा अनेक तक्त्यांचे मूळ 'कम्पेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज' या संकलनात आहे. बार्बरा एन्सवर्थ व सहकाऱ्यांनी ते १९९३ साली प्रसिद्ध केले; २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. शेकडो कामांना एकाच मापाने मोजण्याचा हा प्रयत्न मोलाचा आहे. आमचा आक्षेप त्याच्या वापरावर आहे.

स्वस्थ बसण्याचा खर्च म्हणजे १ मेट, अर्थात दर किलो वजनामागे तासाला सुमारे १ किलोकॅलरी. सपाट, टणक रस्त्यावर ताशी ५ किलोमीटर चालणे म्हणजे ३.५ मेट. औसा ते लातूर अंतर सुमारे २० किलोमीटर. ५० किलो वजनाची व्यक्ती ते ४ तासांत चालली, तर ३.५ × ५० × ४ = ७०० किलोकॅलरी. एवढी ऊर्जा सुमारे २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात असते.

पण हे ४ तास ती व्यक्ती घरी बसली असती, तरी २०० किलोकॅलरी लागल्याच असत्या. चालण्याचा निव्वळ खर्च ५००. ही वजाबाकी तक्त्यांत सहसा नसते.

दुसरा प्रश्न एककाचा. १ मेट म्हणजे दर किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन, असे धरले आहे. बर्न व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ७६९ प्रौढांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत सरासरी २.६ आली. म्हणजे '३.५ मेट' हे प्रत्येकाच्या विश्रांतीच्या साडेतीनपट नव्हे.

तिसरी गोष्ट परिस्थितीची. पावसानंतरच्या काळ्या, चिकट मातीतून डोक्यावर भारा घेऊन बांधाने चालणाऱ्या बाईला टणक रस्त्याचा आकडा कसा लागू पडेल? मनगटी यंत्रांनीही हा प्रश्न सुटलेला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये ६० जणांवर अशी ७ यंत्रे तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले. कॅलरींत मात्र सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले.

एकेका व्यक्तीचा नेमका खर्च काढण्यासाठी हे संकलन नाही, असे संकलकांनीच स्पष्ट केले आहे. पाहणीत कामांची तुलना करायला ते उत्तम. शिक्षकांनी वर्गात हे गणित जरूर घालावे, वजाबाकी करवून घ्यावी आणि उत्तरामागे 'अंदाजे' लिहायला लावावे. मात्र खेळाडू मुलीच्या किंवा शेतात राबणाऱ्या बाईच्या ताटातली भाकरी या कोष्टकावरून कमी करू नये.