डावा पाय मोकळा झाल्यावर

हिंजवडीतली ऑफिसं सुटली की वाकडच्या पुलापर्यंतची गाड्यांची रांग नुसती सरकत असते. पुढची गाडी दोन हात हलते, थांबते, पुन्हा हलते. अशा रांगेत गिअरच्या गाडीतला डावा पाय काय करतो, ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. क्लच आधी पूर्ण दाबलेला असतो. मग टाच टेकवून तळवा सावकाश वर येऊ लागतो. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज किंचित दबतो, स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवते आणि गाडी हलायच्या बेतात येते. हा हाफ क्लच. त्याची जागा प्रत्येक गाडीत वेगळी. क्लच प्लेट झिजली की ही जागा वर वर सरकते. ज्याच्या पायाला ती न शोधता सापडते त्याला गाडी आली, असं ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळे मानतात, आणि मीही मानते. चढावर हँडब्रेक सोडता सोडता, बोटभरही मागे न जाऊ देता गाडी उचलणारा माणूस मला अजूनही बघत राहावासा वाटतो.

म्हणूनच ऑटोमॅटिक घ्यायचं ठरलं की बऱ्याच जणांच्या मनाला जी रुखरुख लागते, ती मी खोटी समजत नाही. पण वाकडच्या रांगेत हे सगळं कसब दोन हात पुढे सरकण्यापायी खर्च होत असतं. क्लच प्लेट घासते, गुडघा धरतो आणि घरी पोचेपर्यंत माणूस चिडचिडा होतो. ऑटोमॅटिकमध्ये हे कसब वाया जात नाही. ते उजव्या पायात आणि डोळ्यांत उतरतं, असं माझं मत आहे. कारण कितीही शहाणा गिअरबॉक्स असला तरी त्याला रस्ता दिसत नाही. पुढे चढ आहे, वळणापलीकडून एसटी येते आहे, सिग्नल पिवळा होणार आहे, हे फक्त चालवणाऱ्याला दिसतं. ते गिअरबॉक्सला कळवायचं कसं, यातच ऑटोमॅटिक गाडीची सगळी गोडी आहे.

आधी टॉर्क कन्व्हर्टरबद्दल, कारण मला तो सर्वांत आवडतो. त्याचं मूळ जहाजांच्या कारखान्यात आहे. श्टेटिनच्या व्हल्कन गोदीत काम करणारे जर्मन अभियंते हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वेगानं फिरणाऱ्या टर्बाइनचा जोर सावकाश फिरणाऱ्या पंख्यापर्यंत कसा पोचवायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी मध्ये तेल घातलं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर दुसऱ्याची पातीही वाऱ्यानं फिरू लागतात. इथे वाऱ्याचं काम तेल करतं. इंजिनाला जोडलेलं एक चक्र तेल फेकतं, समोरचं चक्र त्या माऱ्यानं फिरतं. दोघांच्या मध्ये बसलेलं तिसरं, स्टेटर, परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवतं. त्यामुळे गाडी जागची सुटताना इंजिनाचा जोर दुपटीच्या आसपास वाढून चाकांकडे जातो. घासणारं काही नाही, की टेकवायची-सोडवायची प्लेट नाही.

याची चव रांगेत कळते. ब्रेकवरून पाय उचला, गाडी माणसाच्या चालीनं आपली आपण पुढे निघते. ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायची गरजच नाही. सगळा खेळ ब्रेकच्या पेडलवर. थोडा सैल सोडला की गाडी सरकते, थोडा धरला की रेंगाळते. थांबतानाचा शेवटचा क्षण मात्र नीट जमवावा लागतो. गाडी थांबायच्या अगदी आधी ब्रेक कणभर सैल करायचा, आणि चाकं थांबली की लगेच पुन्हा पक्का धरायचा. हे साधलं तर मागच्या सीटवरच्या माणसाची मान हलत नाही, डॅशबोर्डवर ठेवलेला चहाचा कागदी कप डचमळत नाही. गिअरच्या गाडीत हा क्षण क्लचच्या धांदलीत निसटून जातो. ऑटोमॅटिकनं तो मोकळा करून हातात दिला, याचं मला फार अप्रूप आहे.

चालत्या गाडीत गिअर बदलतानाही हा गिअरबॉक्स जोर तुटू देत नाही. आत सूर्य आणि ग्रहांच्या रचनेची दातेरी चाकं कायम एकमेकांत अडकलेली असतात. तेलाच्या दाबावर चालणारे छोटे क्लच त्यातलं कोणतं चाक धरायचं आणि कोणतं सोडायचं ते ठरवतात. एकाची पकड सुटत असतानाच दुसऱ्याची बसते. चांगल्या गाडीत गिअर पडला हे कानाला कळतं, पाठीला कळत नाही. आणि वेग स्थिरावला की कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच दोन्ही चक्रं थेट जोडून टाकतो, म्हणजे तेलात वाया जाणारी ताकद वाचते. एक्स्प्रेस वेवर एकसारख्या वेगात असताना पाय हलकेच दाबून बघा. इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग हातात हात घालून वाढले, तर लॉक-अप लागलेला आहे. फेरे आधी वाढून गाडी मागून आली, तर सुटलेला.

अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९३९ मध्ये १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी हायड्रा-मॅटिक आणला, तेव्हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत आला. त्यात फ्योटिंगरच्या कल्पनेतला, पण स्टेटर नसलेला साधा तेल-जोड होता. त्या जुन्या गिअरबॉक्सांवर रिव्हर्स अगदी टोकाला, लो गिअरच्या शेजारी असे. चिखलात अडकलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढायला ते बरं पडे, पण पुढे जायचं म्हणून मागे जाण्याचा धोकाही त्यात होता. पुढे अमेरिकी सुरक्षा नियमांनी न्यूट्रल हा रिव्हर्स आणि पुढच्या गिअरच्या मध्येच हवा असं ठरवलं. आज आपल्या लीव्हरजवळ पी, आर, एन, डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) अशी अक्षरं ओळीनं दिसतात, त्यातल्या एनच्या जागेमागे हा अनुभव आहे.

भारतात सर्वसामान्यांच्या खिशाला ऑटोमॅटिक परवडली ती मात्र वेगळ्या वाटेनं. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुतीनं सेलेरिओ आणली. तिच्यातला एएमटी म्हणजे नेहमीचाच पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायला आणि गिअर टाकायला फक्त एक यंत्र बसवलेलं. कंपनीनं गिअरच्या आणि बिनक्लचच्या दोन्ही गाड्यांचं मायलेज लिटरला २३.१ किलोमीटर असं सारखंच सांगितलं होतं. ऑटोमॅटिक म्हणजे पेट्रोल पिणारी गाडी, ही मध्यमवर्गाच्या मनातली भीती त्या एका आकड्यानं मोडली.

एएमटीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. गिअर बदलताना ती मध्येच थबकते, मान पुढे जाते आणि मागे येते. हे खरं आहे, आणि त्याचं कारण उघड आहे: तिथे खराखुरा क्लच सुटतो, जोर क्षणभर तुटतो, मग दुसरा गिअर पडतो. तुमचा पाय हेच करत होता; फक्त तो कधी करणार हे तुम्हाला ठाऊक असायचं, म्हणून मान आधीच सावरलेली असायची. याच्यावर उपाय उजव्या पायात आहे. इंजिनाचा आवाज चढत गिअर बदलण्याच्या बेतात आला की ॲक्सिलरेटर जरासा सोडायचा. यंत्राला तो इशारा पुरतो. ते तिथेच गिअर टाकतं, मग पाय पुन्हा हलके दाबायचा. हे अंगवळणी पडलं की थबकणं जवळपास नाहीसं होतं. दहा माणसांना दहा प्रकारच्या एएमटी मिळतात त्या यामुळेच. ज्याला आवाज ऐकू येतो त्याची गाडी गुळगुळीत चालते. चढावर मात्र एएमटी जपूनच चालवावी. चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी हिल होल्डची सोय नसेल तर ब्रेक सुटताच ती मागे येऊ शकते. नुसत्या ॲक्सिलरेटरवर तिला चढावर तोलून धरणं म्हणजे आतली क्लच प्लेट जाळणं.

सीव्हीटीशी तर आपली जुनी ओळख आहे. दोन पुलींमध्ये एक पट्टा, आणि पुली अरुंद-रुंद होत जाईल तसा बदलणारा वेग. डच कंपनी डाफनं १९५८ मध्ये हे मोटारीत आणलं. आपल्याकडे ते आलं स्कूटरमधून. चेतकची मूठ फिरवून गिअर टाकणाऱ्या पुण्यात ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली, तेव्हा बिनगिअरची स्कूटर म्हणजे खरी स्कूटर नव्हे असं म्हणणारे होतेच. आता घरोघरी ॲक्टिव्हा आहे, आणि डाव्या मुठीतल्या गिअरसाठी कोणी हळहळत नाही. ज्याला ॲक्टिव्हा चालवता येते त्याला सीव्हीटीची खूण लगेच पटते: पाय एकदम दाबला की आवाज पुढे धावतो आणि गाडी मागून येते. तिथे घाई करूच नये. पाय हळूहळू खोल नेला तर सीव्हीटीइतकं सलग, लोण्यासारखं चालणारं दुसरं काही नाही. शहरात तीच, हायवेला नको, असं मी म्हणेन. ड्युअल क्लच गिअरबॉक्स याच्या अगदी उलट. पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असल्यानं मोकळ्या रस्त्यावर त्याचा झपाटा वेड लावतो. पण सरकत्या रांगेत त्याचेही क्लच घासतात, आणि कोरड्या क्लचचा प्रकार असेल तर तापतातही. वाकडच्या रांगेसाठी मी तो घेणार नाही.

आता डाव्या पायाचं काय करायचं? पहिले काही दिवस तोच खरा धोका. अचानक थांबायची वेळ आली की तो सवयीनं क्लच शोधत पुढे येतो आणि रुंद ब्रेक पेडलवर आदळतो. क्लच तळापर्यंत दाबायची सवय झालेला पाय ब्रेकही तसाच दाबतो. गाडी जागीच गच्च थांबते, आणि मागची गाडी सावध नसेल तर येऊन धडकते. पाय सीटखाली मागे घ्या किंवा डावीकडच्या फूटरेस्टवर ठेवा, पण दोन्ही पेडलं एकट्या उजव्या पायालाच द्या. टाच ब्रेकसमोर टेकलेली असावी आणि ॲक्सिलरेटरसाठी तळवा उजवीकडे वळावा. गडबडीत पाय खाली गेलाच, तर तो ब्रेकवर गेला पाहिजे.

माझी मोठी बहीण गुडघ्याच्या दुखण्यामुळे गाडी सोडून बसली होती. ऑटोमॅटिकवर ती पुन्हा स्टिअरिंगपुढे बसली, आणि मी शेजारून सूचना देऊ लागल्यावर म्हणाली, "अगं, तू गप्प बस, मला रस्ता बघू दे." क्लच गेल्यावर तिची नजर दोन गाड्या पुढे गेली होती. तिची ब्रेक धरण्याची वेळही बदलली. पुढच्याचा लाल दिवा लागायच्या आधीच तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटलेला असे.

शहराबाहेर, ताम्हिणी घाटात, उजव्या पायाची खरी परीक्षा होते. चढावर पुढे लाकडं भरलेला टेंपो आहे. गिअरची गाडी चालवणारा मोकळा पट्टा दिसायच्या आधीच तिसरा टाकून तयार असतो. ऑटोमॅटिकमधला माणूस पट्टा दिसल्यावर पाय दाबतो. गिअरबॉक्स विचार करतो, खालचा गिअर टाकतो, आणि तोवर समोरून एसटी आलेली असते. यावर उपाय म्हणजे पाय आधी, गाडी नंतर. टेंपोच्या मागे असतानाच ॲक्सिलरेटर जरा खोल नेऊन किंवा मॅन्युअल मोडमध्ये घेऊन खालचा गिअर मागून घ्यायचा, इंजिनाचा आवाज चढलेला ऐकायचा, आणि मगच बाहेर निघायचं. नागमोडी वळणांवर पाय एकदम सोडला तर काही गिअरबॉक्स वरचा गिअर टाकून बसतात आणि वळण संपताच पुन्हा खाली येतात. पाय पूर्ण न सोडता किंचित टेकवून ठेवला की ते तिथेच थांबतात.

उतारावर डी पुरेसा नसतो. जुने ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा असं सांगत आले, ते ऑटोमॅटिकलाही तसंच लागू आहे. एल (लो) असेल तर एल, मॅन्युअल असेल तर दुसरा किंवा तिसरा, आणि ब्रेकला अधूनमधून विसावा. पेट्रोल वाचावं म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना मी आवर्जून सांगते: आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर लागलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं, आणि गाडी अडवणारं इंजिनही सुटलेलं असतं.

गाडी उभी करतानाचा क्रमही महत्त्वाचा. चढावर आधी ब्रेक, मग एन, मग हँडब्रेक, मग ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर घेऊन बघायचा, आणि त्यानंतर ब्रेक पुन्हा धरून पी. उलट केलं तर सगळा भार आतल्या एका लहानशा अडणीवर येतो आणि सकाळी लीव्हर काढताना खट् असा आवाज येतो.

विकत घेण्याआधी शोरूमवाले जो गुळगुळीत रुंद रस्ता दाखवतात, त्यावर कोणतीही ऑटोमॅटिक चांगलीच वाटते. त्यांना म्हणावं, सोसायटीच्या बेसमेंटचा चढ दाखवा. तिथे अर्ध्यात थांबा आणि ब्रेक सोडून गाडी किती मागे येते ते बघा. मग रिव्हर्स टाकून भिंतीपासून वितीच्या अंतरावर आणा. ब्रेकवर ती किती बारीक सरकू देते, त्यावर तुमची रोजची संध्याकाळ ठरणार आहे. शेवटी एका गतिरोधकावरून उतरताच पाय अर्धा दाबा, आणि त्यानंतरचा क्षण ऐका.